शेडमाके कीं सेडमाके? चांदा प्रांतांतील गोंड उपनांवांच्या लेखनभेदाविषयीं

सन १८५८ च्या आक्टोबर महिन्याच्या २१ व्या तारखेस चांदा येथें ज्या तरुण गोंड जमीनदारास इंग्रज सरकारनें फांशीं दिलें, त्याचें नांव आज चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत आबालवृद्धांस ठाऊक आहे. तथापि तें नांव कसें लिहावें, याविषयीं लिहिणारांत एकवाक्यता नाहीं. कोणी बाबूराव लिहितो, कोणी बापूराव. वडिलांचें नांव पुल्लेश्वर, पुलेश्वर व पुलायसूर अशा तीन तऱ्हांनीं आढळतें. उपनांव तर शेडमाके, सेडमाके, शेडमाकी असें पुस्तकागणिक बदलतें. नांवाचे तीन भाग, आणि तीनही डळमळीत. ज्या पुरुषास जाऊन पावणेदोनशें वर्षेंही झालीं नाहींत, त्याच्या नांवाची ही स्थिति, तर त्याच्या प्रजेंतील अनामिक कुळांची काय असेल याची कल्पना वाचकांस सहज करितां येईल. हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला तरी जुन्या कागदांवर ज्यांचा हक्क अवलंबून आहे अशा पुष्कळ घराण्यांस तो जीवनमरणाचा झाला आहे. म्हणून त्याचा थोडा खोलांत जाऊन विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम मूळ प्रकरण थोडक्यांत सांगतों. नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर १८५४ पासून चांदा हा इंग्रजी अंमलाखालील जिल्हा झाला. १८५८ च्या मार्च महिन्यांत अहेरी जमीनदारींतील मोलमपल्लीच्या बाबूरावानें राजगड परगण्यांत उठाव केला, व अडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव त्यास मिळाला. २९ एप्रिलच्या रात्रीं प्राणहितेच्या कांठीं चिंचगुंडी येथें तारायंत्राच्या कामावरील गार्टलंड व हॉल हे दोघे इंग्रज मारले गेले. त्यांचा सोबती पीटर निसटून डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याजकडे पोंचला. पुढें अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या हस्तें बाबूराव सप्टेंबरांत पकडला गेला, व आक्टोबरांत त्यास फांशीं झाली. व्यंकटराव बस्तरांत पळाला होता. तो १८६० सालीं सांपडून जन्मठेप काळ्या पाण्यावर गेला. अडपल्ली-घोटकडील ६७ गांवें लक्ष्मीबाईस बक्षीस मिळालीं.

आतां मौजेची गोष्ट अशी कीं, या प्रकरणाचे जे इंग्रजी वृत्तान्त आहेत, त्यांत हा पुरुष बहुधा केवळ ‘बाबूराव’ एवढ्याच नांवानें येतो, उपनांव येत नाहीं. गांवांच्या नांवांचीही तीच गत. मोलमपल्लीचें ‘मोनमपल्ली’, चिंचगुंडीचें ‘चुंचगोंडी’, अडपल्लीचें ‘अरपल्ली’. साहेबांस हवी होती ती जमीनदारी आणि तिचा धनी. त्याचें कुळ कोणतें याशीं त्यांस कर्तव्य नव्हतें. उपनांव पुढें वंशजांच्या सांगण्यांतून व मराठी लेखकांच्या लेखणींतून परत आलें, आणि येतांना प्रत्येक लेखणीचा संस्कार घेऊन आलें. तेव्हां या रूपांपैकीं खरें कोणतें असें विचारण्यापूर्वीं, हीं रूपें उत्पन्न कशीं झालीं हें पाहिलें पाहिजे.

गोंडी ही द्राविड कुळांतील भाषा. ग्रिअर्सन साहेबांच्या भाषापाहणीच्या १९०६ सालीं निघालेल्या चौथ्या खंडांत तिचें वर्णन आहे. गोंडींत ‘श’ हा स्वतंत्र वर्ण नाहीं, ‘स’ आहे. उलट मराठीचा जुना स्वभाव असा कीं, इकार-एकारापूर्वींच्या ‘स’ चा ‘श’ करावयाचा. सिंदूराचा शेंदूर झाला, सीमेची शीव झाली, फारशी सिपाहीचा शिपाई झाला. तेव्हां गोंडी मुखांतलें ‘सेडमाकी’ मराठी कारकुनाच्या कानीं पडलें म्हणजे त्याच्या लेखणींतून ‘शेडमाके’ च उतरावयाचें. यांत कारकुनाचा आळस नाहीं कीं उर्मटपणाही नाहीं. त्याच्या कानानें त्याच्या भाषेचा नियम पाळला इतकेंच. पैनगंगा-वर्ध्येपलीकडे आदिलाबादच्या बाजूस हेंच कुळ आजही ‘सेडमाकी’ असें लिहिलें जातें, हा या उपपत्तीस चांगला आधार आहे. मात्र नियमास अपवादही आहेत, ते लपवूं नयेत. सिडाम हें उपनांव इकारापूर्वीं ‘स’ असूनही चांद्याकडे बहुशः जसेंच्या तसें राहिलें आहे. सीताराम, सिद्धराम अशा ओळखीच्या नांवांच्या सहवासानें तो ‘स’ टिकला असावा, असा आमचा तर्क आहे. यापेक्षां बळकट कारण कोणास दिसल्यास तें आम्ही आनंदानें मान्य करूं.

दुसरा संस्कार शब्दाच्या शेवटीं झाला आहे, आणि तो अधिक मनोरंजक आहे. आदिलाबादेकडे कुमरा, कोडापा, मध्यप्रदेशांत उइका अशीं आकारान्त रूपें आढळतात. आमच्याकडे तींच कुमरे, कोडापे, उईके होतात. हें कसें घडलें? मराठींत आकारान्त पुल्लिंगी नामाचें अनेकवचन एकारान्त होतें, व आदरार्थीं अनेकवचन योजण्याची आपली चाल. शिंदा एकटा, शिंदे आदराचे. भोसला एकटा, भोसले आदराचे. इंग्रजांनीं व उत्तरेकडील लोकांनीं ‘भोंसला’ असें लिहून एकवचन कायम ठेविलें, आणि ‘शिंदे’ यांचें ‘सिंधिया’ करून वर सांगितलेला शकारही काढून टाकिला. गोंडांच्या नांवांची वाट याच्या उलट दिशेची आहे. कुमरा म्हणून जो दप्तरापुढें उभा राहिला, तो कुमरे होऊन परतला. अक्षर बदललें खरें, पण तें मान देतांना बदललें. हें ध्यानांत न घेतां ‘मराठ्यांनीं गोंडांचीं नांवें बिघडविलीं’ असें सरसकट म्हणणारांशीं आमचें जमत नाहीं.

मात्र जीं कुळनांवें ‘आम’ या अक्षरांनीं संपतात—आत्राम, टेकाम, मरकाम, पेंदाम, गेडाम, तुमराम—त्यांच्या शेवटास मराठी आदराचा हात फारसा लागला नाहीं. यांपैकीं कांहींचा अर्थ आजही उघड आहे: गोंडींत ‘टेका’ म्हणजे साग व ‘मरका’ म्हणजे आंबा. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ च्या आपल्या चार खंडांच्या ग्रंथांत अशा कुळनांवांची व त्यांच्या देवकांची चर्चा केली आहे. टेकाम हें ‘टेकम’ झालें तरी साग लोपत नाहीं. पण ज्यास हा अर्थ ठाऊक नाहीं, त्याला दीर्घ आकार टाकून देतांना कांहीं गमावतें असें वाटत नाहीं, आणि पुष्कळ फॉर्मांवर हा आकार असाच गळून पडलेला आढळतो.

‘ड’ आणि ‘र’ यांचा घोटाळा हा तिसरा, व सर्वांत त्रासदायक. गोंडी मुखांत हा ध्वनि जीभ वळवून झटकन् टाकल्यासारखा येतो. मराठी माणूस त्यास ‘ड’ ऐकतो, हिंदी माणूस खालीं टिंब देऊन ‘ड़’ लिहितो, आणि रोमन लिपींत तो कधीं डी होतो, कधीं आर. त्यामुळें चांद्याकडील मडावी मंडल्याकडे मरावी होतात. तोडासे यांचे नातलग तेलंगणांत तोडसम, तर एखाद्या इंग्रजी ग्रंथांत तोरोसम असतात. अडपल्लीची अरपल्ली झाली ती याच मार्गानें. रोमन लिपींतून नांव पुन्हां देवनागरींत आणणारा लेखक मूळ उच्चार न विचारतां समोरच्या अक्षरावर विसंबतो, आणि एकदां गेलेला ‘ड’ मग परत येत नाहीं.

येथवर कानाची गोष्ट झाली. लिपीचा भाग वेगळा आहे. चांदा-गडचिरोलीच्या वांट्यास जितक्या लिपींचीं दप्तरें आलीं तितकीं महाराष्ट्राच्या फारच थोड्या भागांस आलीं असतील. चांदा शहर व भोवतालचा मुलूख १७५१ पासून नागपूरकर भोसल्यांकडे, म्हणून जुने कागद मोडींत. राजुरा तालुका निजामाच्या राज्यांत होता. तो १९५६ मध्यें मुंबई राज्यांत आला व १९५९ मध्यें चांदा जिल्ह्यास जोडला गेला, म्हणून तेथील वरिष्ठ दप्तर उर्दूंत. सिरोंचा हा निजामाकडून १८६० मध्यें इंग्रजांकडे आलेला, गोदावरी-प्राणहितेच्या संगमावरील तेलुगूभाषी मुलूख. तो १८७४ मध्यें चांद्यास जोडला गेला. या सर्वांवर इंग्रजी रिपोर्टांचें आच्छादन. त्यांत मेजर लूसी स्मिथ यांचा १८६९ चा जमाबंदीचा रिपोर्ट मुख्य.

मोडी वाचणारांस सांगावयास नकोच कीं, तींत इकार व उकार यांचे ऱ्हस्वदीर्घ वेगळे दाखवीत नाहींत. उईके हें उइके कीं ऊईके, हें मोडी कागद सांगूं शकत नाहीं, व जो संपादक त्यावरून निर्णय देतो तो आपलेंच मत कागदाच्या तोंडीं घालतो. उर्दूची अडचण याहून मोठी. शब्दाच्या मध्यें येणारा ‘ये’ हा ई, ए व ऐ या तिहींसाठीं चालतो; आणि सीन व शीन यांत भेद केवळ तीन नुक्त्यांचा. घाईच्या शिकस्ता लिखाणांत नुक्ते गळतात, हें ज्यांनीं असे कागद हाताळले आहेत त्यांस ठाऊक आहे. म्हणजे ज्या एका अक्षरावर शेडमाके-सेडमाके हा सगळा वाद उभा आहे, तें अक्षरच अशा कागदांत वेगळें ओळखूं येत नाहीं. राजुऱ्याच्या एखाद्या जुन्या फर्दीवरून ‘मूळ रूप सेडमाकेच’ असें कोणी सिद्ध करूं लागल्यास आधीं नुक्ते पाहावे, मग सिद्धान्त ऐकावा.

अडाणीपणानें बिघडलेल्या नांवांपेक्षां विद्वत्तेनें बिघडलेलीं नांवें ओळखणें कठीण असतें. मेश्राम हें उत्तम उदाहरण आहे. तेलंगणांतील केसलापूर येथें पौष अमावास्येस जी नागोबाची मोठी यात्रा भरते, ती याच कुळाची. तेथें कुळाचें नांव ‘मेसराम’ किंवा ‘मेस्राम’ असें लिहितात. बालाघाटच्या बाजूस ‘मसराम’ असें रूप आहे, आणि १९१८ मध्यें गोंडीसाठीं नवी लिपि रचणारे मुनशी मंगलसिंह हे मसरामच होते. आमच्याकडे तेंच मेश्राम झालें. येथें इकार-एकाराचा नियम लागत नाहीं, कारण ‘स’ च्या पुढें ‘र’ आहे. आम्हांस वाटतें कीं, आश्रम, विश्राम, परिश्रम या शब्दांची संवय झालेल्या साक्षर हातानें ‘स्र’ हें अशुद्ध समजून ‘श्र’ केलें. (हें उपनांव गोंडांखेरीज इतर समाजांतही पुष्कळ आहे, तेव्हां केवळ त्यावरून कोणाची जात ठरविणें धोक्याचें.) पुलायसूराचा पुल्लेश्वर झाला तोही आमच्या मतें असाच. शेवटीं ‘ईश्वर’ दिसला म्हणजे शास्त्र्यास समाधान होतें. पण गोंड बापानें आपल्या मुलास हांक मारतांना ईश्वराचा उच्चार केला असेल असें मानण्यास आधार दिसत नाहीं.

राजांचींही नांवें यांतून सुटलीं नाहींत. चांदा शहर वसविणाऱ्या राजाच्या अंगावर खांडकें होतीं म्हणून तो खांडक्या बल्लाळशाह, अशी दंतकथा आहे. इतिहासांत त्याचें टोपणनांवच रूढ झालें. लूसी स्मिथ यानें या घराण्याचें पद ‘साह’ असें लिहिलें, आज आपण ‘शाह’ लिहितों: पुन्हां तोच सकार-शकार. बल्लाळशाहाच्या नांवाच्या गांवास रेल्वेच्या पाटीवर ‘बल्हारशाह’ म्हणतात, नगरपालिका ‘बल्लारपूर’ म्हणते. ‘ळ’ चा ‘र’ करून दोन्ही पाट्या मोकळ्या झाल्या. खुद्द जिल्ह्याचें नांव इंग्रजींत व व्यवहारांत चांदा असें होतें, तें १९६४ च्या सुमारास चंद्रपूर झालें. तरी ‘चांदा फोर्ट’ हें स्टेशन जुनें नांव सांभाळून आहे. वर्धेपलीकडे १९४० मध्यें जोडेघाट येथें निजामाच्या पोलिसांशीं लढतां पडलेल्या भीमाचें उपनांव कुमरम, कोमरम, कुमुरम असें नानापरी लिहितात, व २०१६ मध्यें त्याच्या नांवें जिल्हा निर्माण झाल्यावरही हा भेद मिटला नाहीं. त्या उठावानंतर गोंडांचा अभ्यास करण्यास जे ऑस्ट्रियन विद्वान् आले, त्यांचें उपनांव मराठींत हायमेनडॉर्फ, हैमेंडॉर्फ, हाईमनडोर्फ असें छापलेलें आम्हीं पाहिलें आहे. न्याय तरी सारखा झाला म्हणावयाचा!

हा सर्व ऊहापोह पंडितांच्या बैठकीपुरता राहता तर त्याची इतकी निकड नव्हती. परंतु गोंडांमध्यें उपनांव हें केवळ हांक मारण्यासाठीं नाहीं. चार, पांच, सहा व सात देवांच्या सगा असतात, प्रत्येक कुळ त्यांपैकीं एकींत मोडतें, आणि एकाच सगेंत सोयरीक होत नाहीं. पाहुण्याचें कुळ ऐकतांच यजमानास तो भाऊ कीं सोयरा हें कळतें. तोंडीं व्यवहारांत लेखनभेदानें कांहीं अडत नसे, कारण म्हातारीं माणसें नांव ऐकत, अक्षरें पाहत नसत. आतां मात्र अक्षरेंच पाहिलीं जातात.

अनुसूचित जमातींची पहिली यादी ६ सप्टेंबर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें निघाली. त्या जमातींतील म्हणून दाखला मागणारास आपल्या आजा-पणजाचे जुने कागद दाखवावे लागतात. ‘कुमारी माधुरी पाटील’ या १९९४ च्या निकालानंतर पडताळणी समित्यांची पद्धत बसली, व कुळाचार, देवदेवता, विवाहाच्या चाली यांची परीक्षा होऊं लागली. २४ मार्च २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ही आप्तभावाची परीक्षा म्हणजे अंतिम कसोटी नव्हे असें सांगितलें. त्यामुळें जुन्या कागदांचें वजन अधिकच वाढलें. आणि विदर्भांत हे जुने कागद कोणते? मिसल बंदोबस्त, अधिकार अभिलेख, शाळेचें दाखल-खारीज रजिस्टर, आणि सर्वांत मुख्य कोतवाल बुक. गांवचा कोतवाल जन्ममृत्यूची नोंद ठाण्यावर नेई. ज्या कोतवालास लिहितां येत नसे तो नोंद दुसऱ्याकडून लिहवून घेई. म्हणजे बाप गोंडींत बोलला, कोतवालानें आपल्या बोलींत सांगितलें, आणि तिसऱ्यानेंच तें आपल्या कानाप्रमाणें लिहिलें. अशा तीन तोंडांतून गेलेल्या नांवाच्या आधारें आज नातवाचें कॉलेजांतील आसन ठरतें. आजाच्या नोंदींत ‘सेडमाकी’, बापाच्या शाळेंत ‘शेडमेक’, मुलाच्या दाखल्यावर ‘शेडमाके’ असें असलें, तर हे तिघे एकाच वंशाचे हें सिद्ध करण्याचा भार मुलावर पडतो. वर जे ध्वनिनियम सांगितले, ते अशा वेळीं शपथपत्रापेक्षां अधिक उपयोगी पडावे, असें आम्हांस वाटतें. कारण शपथ कोणीही घेईल, पण हे नियम शेंदूर आणि शिपाई या शब्दांतही दाखवितां येतात.

अक्षराचें वजन केवढें होऊं शकतें याचें एक मोठें उदाहरण महाराष्ट्रांत घडलें आहे. जमातींच्या यादींत ‘ओरांव, धनगड’ अशी नोंद आहे. ही ‘धनगर’ याचीच चुकीची अक्षरलिपि होय, ‘र’ च्या जागीं ‘ड’ पडला, असा धनगर समाजाच्या संघटनांचा दावा. मुंबई उच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०२४ मध्यें तो अमान्य केला. त्यापूर्वीं, २००० सालीं, ‘मिलिंद’ या नागपूरकडील हलबा-कोष्टींच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें यादींतील नांव जसें छापलें तसेंच वाचावें असें ठरविलें होतें. या वादांच्या गुणदोषांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु एक भेद स्पष्ट केला पाहिजे: यादींतील जमातीचें नांव हा कायद्याचा शब्द आहे, व्यक्तीचें उपनांव हा पुरावा आहे. पहिल्याचें अक्षर हलवितां येत नाहीं म्हणून दुसऱ्याचेंही हलवितां येणार नाहीं, असें मानणें बरोबर नाहीं. पुरावा हा तपासून, जुळवून, अर्थ लावून वाचावयाचा असतो.

येथें आम्हां कागद छापणारांचा संबंध येतो. कै. राजवाडे यांनीं मूळ कागद जसाच्या तसा छापण्याचा जो दंडक घातला, तो विशेषनामांच्या बाबतींत सर्वांत सैल पडला आहे. संपादक वृत्तान्तांतला शब्द हलवीत नाहीं, पण नांव मात्र ‘शुद्ध’ करितो, व तसें केल्याचें टीपेंतही सांगत नाहीं. ‘पुलायसूर’ असलेल्या ठिकाणीं ‘पुल्लेश्वर’ छापल्यानें पुस्तक सुबक दिसतें, पण त्या नांवाचा एक साक्षीदार नाहींसा होतो. आमची सूचना इतकीच कीं, मूळ पाठांत कागदाचें रूप अक्षरशः ठेवावें; मोडींत ऱ्हस्वदीर्घ संदिग्ध असल्यास, उर्दूंत नुक्ते नसल्यास, तसें नोंदवावें; आणि सूचींत सर्व रूपें एका ठिकाणीं आणून परस्परांकडे बोट दाखवावें. सूचीसाठीं रूप निवडतांना कुटुंब आज स्वतःचें नांव जसें लिहितें तें घ्यावें. या न्यायानें १८५८ च्या वीरास आम्ही शेडमाके म्हणतों. सेडमाकी हें जुनें असेल. पण त्याच्या नांवानें ओळखले जाणारे लोक आज शेडमाके म्हणतात, आणि नांवाच्या बाबतींत अखेरचा शब्द नांव धारण करणाराचा.

अहेरी, राजुरा व सिरोंचा या भागांतील १९५० पूर्वींच्या सनदा, फर्दी, लग्नाच्या याद्या, देवस्थानाच्या वह्या ज्या संग्राहकांजवळ असतील, त्यांनीं त्यांतील गोंड कुळांचीं नांवें, लिपि, सन व गांव या चार बाबींसह उतरून पाठवावींत, अशी आमची विनंति आहे. ‘स’ व ‘श’ , ‘ड’ व ‘र’ यांच्या जागा उतरतांना कृपा करून सुधारूं नयेत. उर्दू कागदाची नक्कल पाठविणारांनीं नुक्ते जेथें नाहींत तेथें ते न घालतां तसेंच ठेवावें, व शक्य असल्यास त्या ओळीचें छायाचित्र जोडावें.